दुभाष्याचं डोकं

त्याचे हात बोलताना अडखळायला लागलेत, हे त्याच्या बायकोला सगळ्यांच्या आधी कळलं. कळायलाच हवं होतं. तिला जन्मापासून ऐकू येत नव्हतं. त्याला स्वतःला खणखणीत ऐकू यायचं, पण त्याचे आई-वडील दोघंही बहिरे, त्यामुळे तोंडाआधी त्याचे हात बोलायला शिकले. पुढे त्याने त्याचाच धंदा केला. कोर्टात, बँकेत, दवाखान्यात बहिऱ्यांचं म्हणणं बोलून सांगायचं आणि बोलणाऱ्यांचं हातांनी दाखवायचं. गल्लीत सगळे त्याला दुभाष्याच म्हणत.

तिला म्हणत कवळीवाली. दातांच्या डॉक्टरांकडून प्लास्टरचे साचे यायचे आणि त्यांवरून ती कवळ्या घडवायची. मेणात एकेक दात बसवायचा, हिरडीचा रंग जुळवायचा, तासायचं, घासायचं, पाणी चढवायचं. लोकांचे ओठ बघून बोलणं ओळखायचं आणि त्याच ओठांमागचं सामान करून द्यायचं. "तुझं पोट दोन्हीकडून लोकांच्या तोंडावर," असं तो तिला चिडवायचा.

त्यांच्या घरात फार बोलणं चालायचं. हातांच्या भाषेत 'अहो' आणि 'अरे' असा फरक नसतो, बोट समोरच्याकडे केलं की झालं. त्यामुळे ती त्याला बिनधास्त 'तू' म्हणायची, भांडताना तर दोन्ही हातांनी म्हणायची. आणि त्याचे हात म्हणजे काय सांगावं! मोठमोठ्या वकिलांची गुंतागुंतीची वाक्यं तो अशी सोडवून दाखवायचा की बहिरी माणसं खटला हरूनसुद्धा त्याच्या पाठीवर थाप मारून जायची.

तर एका सकाळी चहा पिताना तो तिला बसमधली एक गंमत सांगत होता. सांगता सांगता त्याचे दोन्ही पंजे मनगटातून खाली कोसळले, आणि लगेच वर आले. दमलेल्या पक्ष्याने पंख फडफडवावेत तसे. वाक्याला मध्येच भोक पडलं.

"काय झालं?" तिने विचारलं.

"कुठे काय? पुढे ऐक ना," असं म्हणून तो पुढे सांगायला लागला, आणि पुन्हा तसंच झालं. गंमत संपली तेव्हा तिला हसायचं भान राहिलं नव्हतं.

मग एकेक गोष्ट दिसायला लागली. तो दिवसा पेंगायचा. सही वाकडीतिकडी व्हायची. मिठाची बरणी कपड्यांच्या कपाटात सापडली आणि 'तूच ठेवलीस' म्हणून तो तिच्यावरच उखडला. पत्त्यांमध्ये तिला हमखास हरवणारा माणूस, हातात हुकमाचं पान असून ते टाकायला विसरला. आणि त्याच्या श्वासाला एक वास यायला लागला. गोडसर, कुबट, बंद पेटीत राहिलेल्या फळासारखा.

अशातच एक दिवस एक बहिरा सुतार तिच्या कामाच्या ठिकाणी आला. त्याची कोर्टात साक्ष होती आणि दुभाष्या होता तिचा नवरा. सुताराने आधी इकडेतिकडे बघितलं, मग हात पोटाशी धरून, म्हणजे हळू आवाजात म्हणतात ना तसं, विचारलं, "वहिनी, राग नका मानू. दादा पिऊन आला होता का? मी म्हटलं 'काल', त्याने सांगितलं 'उद्या'. जज्ज माझ्याकडे असे बघायला लागले, जसा काही मी ज्योतिषी! शेवटी त्यांनी कामच थांबवलं."

तिच्या हातातली कवळी तशीच राहिली. दुभाष्या आयुष्यात थेंबाला शिवला नव्हता. पण वास तर येत होता, आणि तोल तर जात होता. संध्याकाळी तो घरी आल्या आल्या ती त्याच्या तोंडाजवळ गेली आणि तिने सरळ नाक लावलं.

"हे काय?" तो मागे सरला.

"तूच सांग काय ते. कोण पाजतं तुला?"

"तुला वेड लागलंय."

"सुतार येऊन गेला. सगळ्या कोर्टासमोर..."

तिचं वाक्य पुरं व्हायच्या आत त्याने डोळे मिटले. ऐकू येणाऱ्यांच्या घरात लोक दार आपटतात. बहिऱ्याच्या घरात डोळे मिटतात. एकदा डोळे मिटले की समोरच्याने कितीही हात नाचवले तरी सगळं वाऱ्यावर. इतक्या वर्षांच्या संसारात त्याने हे कधी केलं नव्हतं. ती बराच वेळ त्याच्या मिटल्या पापण्यांसमोर उभी राहिली, आणि मग तिने घाईने त्याचे खांदे धरले. कारण तो रागावून डोळे मिटून बसला नव्हता. उभ्या उभ्या त्याला झोप लागली होती.

दुसऱ्याच दिवशी ते प्रकरण टोकाला गेलं. त्यांची मुलगी एका तलावावर लोकांना पोहायला शिकवायची. भर दुपारी ती पाण्यात असताना काठावर तिचे बाबा आले. अंगात कोर्टात जायचा कोट, एका पायात बूट, दुसरा पाय अनवाणी. मुलगी धडपडत बाहेर आली. दुभाष्याने तिला वाकून नमस्कार केला आणि अदबीने विचारलं, "बाई, कोर्ट कुठल्या मजल्यावर आहे?"

मुलीने अंगावर टॉवेल गुंडाळला आणि त्याला तसाच गाडीत घालून इस्पितळात आणला. आई पोचली तेव्हा मुलीच्या केसांतून अजून पाणी गळत होतं.

तपासायला आलेल्या डॉक्टरीणबाई बुटक्याशा, चपळ होत्या. त्यांनी दुभाष्याला सांगितलं, "दोन्ही हात पुढे करा. मनगटं वर. गाडी थांबवतो तसं. आणि तसेच धरून ठेवा." त्याने धरले. क्षणभराने पंजे खाली पडले, वर आले, पुन्हा पडले.

"हेच!" कवळीवाली मुलीचा दंड धरून हातांनी म्हणाली. "सांग त्यांना, मी हेच बघत्येय. आणि वासाचंही सांग."

मुलीने सांगितलं. डॉक्टरीणबाईंनी मान हलवली. वाकून त्यांनी दुभाष्याच्या श्वासाचा वास घेतला आणि पुन्हा मान हलवली. मग मुलीला समोर बसवून म्हणाल्या, "आईला नीट समजावून सांगा. यांनी दारू घेतलेली नाही. यांचं लिव्हर आजारी आहे."

तरुणपणी एका अपघातानंतर दुभाष्याला रक्त चढवलं होतं. त्या रक्तातून कावीळ करणारा एक विषाणू आत शिरला आणि वर्षानुवर्षं गुपचूप बसून लिव्हर कुरतडत राहिला. आता ते वणांनी भरून कडक झालं होतं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आपल्या आतड्यात रोज अमोनिया तयार होतो, विषच ते. धडधाकट लिव्हर त्याचा तिथल्या तिथे निकाल लावतं. लिव्हर थकलं की ते विष रक्ताबरोबर फिरत फिरत थेट मेंदूत जातं, आणि माणूस आपल्याच घरात रस्ता चुकतो.

"म्हणजे पोटातलं डोक्यात गेलं?" कवळीवालीने विचारलं.

"अगदी तसंच," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

औषध म्हणून एक गोड, चिकट सिरप दिलं. काम एकच, पोट साफ ठेवायचं, विष साचू द्यायचं नाही. त्या औषधाने दुभाष्याला असं पळवलं की विचारू नका. पण काय आश्चर्य! पोट मोकळं होत गेलं तसतसं डोकं उजळत गेलं. आधी त्याने मुलीला नावाने हाक मारली. मग खोलीत किती खाटा आहेत ते बघितलं. मग बायकोकडे बघून हात उचलले. "मी इथे कसा? आणि माझा दुसरा बूट कुठे आहे?"

तिने त्याच्या दोन्ही पंज्यांवर कपाळ टेकलं आणि तशीच राहिली. शेवटी त्याला हात सोडवून घ्यावे लागले, कारण पुन्हा पळायची वेळ झाली होती.

घरी सोडण्याआधी डॉक्टरीणबाईंनी एक गोष्ट विचारली. लिव्हरच्या आजारात मेंदूच्या भागांमधली जोड कशी बिघडते, यावर त्यांचा अभ्यास चालू होता. "तुम्ही आलात तर बरं होईल. मशिनमध्ये पडून राहायचं. काही करायचं नाही, काही आठवायचं नाही. नुसतं जागं पडायचं."

"नुसतं पडून राहायचं?" दुभाष्या म्हणाला. "ते मी फुकटही करेन."

ठरल्या दिवशी त्याचा पट्टा, घड्याळ, अंगठी सगळं काढून घेतलं आणि त्याला त्या पांढऱ्या बोगद्यात सरकवलं. ती काचेपलीकडच्या खोलीत उभी राहिली. मशीन फार आवाज करतं, म्हणून मुलीने कानात बोटं घातली. आईने तळहात भिंतीला लावला. भिंतीतून ठोके येत होते, ठाक ठाक ठाक, मग गुरगुर, मग पुन्हा ठाक ठाक. एवढ्या घणाघातात तो माणूस निवांत पडला होता, पायाची बोटं वर करून. त्या डोक्यात आत्ता काय चाललं असेल, असा विचार तिच्या मनात आला. काहीच करू नको म्हटल्यावर डोकं करतं तरी काय?

त्याचं उत्तर तिला काही आठवड्यांनी मिळालं. डॉक्टरीणबाईंनी दोघांना आपल्या खोलीत बोलावलं. मुलगी कामावर होती, म्हणून दुभाषेपण करायला दुभाष्याच होता. "स्वतःच्याच डोक्याचा दुभाष्या," तो आत जाता जाता म्हणाला. पण खुर्चीवर बसल्यावर त्याने कोट सारखा केला, पाठ ताठ केली, आणि त्याचा चेहरा कामाच्या वेळचा झाला. त्या धंद्याचा एक नियम असतो. समोरचा बोलेल ते सगळं सांगायचं. कमी नाही, जास्त नाही, आणि आपलं मत तर नाहीच.

"आधीच सांगते," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "एका माणसाच्या चित्रावरून मी निदान करत नाही. आमचा अभ्यास पुष्कळ माणसांचा आहे. पण तुम्ही अभ्यासाला आलात, म्हणून दाखवते."

पडद्यावर आधी एका निरोगी माणसाचा मेंदू आला. डॉक्टरीणबाईंनी एक बटण दाबलं आणि चित्र हलायला लागलं. कपाळामागचा एक भाग हळूच उजळला. त्याच क्षणी पार मागे, शेंडीच्या जागेखाली, दुसरा एक भाग उजळला. दोघांमध्ये केवढं अंतर! पण दोघं बरोबर उजळत होते, बरोबर मंद होत होते. मग बाजूचे दोन. मग आणखी कुठले तरी. कुणी कुणाला ढकलत नव्हतं, कुणी पुढे पळत नव्हतं.

"हा माणूस काहीच करत नाहीये," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आणि दुभाष्याचे हात त्यांच्या शब्दांमागून चालले. "नुसता पडलाय. तरी मेंदूचे दूरदूरचे भाग एकमेकांशी संधान ठेवून आहेत. कुठे रक्त वाढतं, कुठे कमी होतं, त्यावरून आम्हाला हे कळतं. जिवंत आहे तोवर हे थांबत नाही. झोपेतही नाही."

कवळीवाली खुर्चीच्या टोकाला आली. तिने आयुष्यभर लोकांच्या तोंडाच्या आतलं जग पाहिलं होतं, जबडे, हिरड्या, टाळू. त्याच्या वर बोटभर अंतरावर हे चाललेलं असतं? आवाज नाही, गाजावाजा नाही, आणि इतक्या लांबून इतकं अचूक? भर सभेत खोलीच्या दोन टोकांना बसून ती आणि तो असेच बोलायचे, मधल्या माणसांना पत्ता न लागू देता. तिच्या अंगावर सर्रकन काटा आला.

"आता यांचा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

दुभाष्याचा मेंदू पडद्यावर आला. पुढचा भाग उजळला. मागचा उजळला, पण उशिरा. कधी उजळलाच नाही. बाजूचे दोन भाग आपापल्याच नादात होते. तुटलेलं, फुटलेलं, काळं पडलेलं असं काही नव्हतं. सगळे भाग जागच्या जागी होते. नुसते एकमेकांना चुकत होते.

"जोड सैल झालीय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. दुभाष्याने दोन्ही हातांच्या तर्जन्या वाकवून एकमेकींत अडकवल्या, म्हणजे 'जोड', आणि मग त्या हळूहळू सुटू दिल्या.  खूण स्वच्छ होती. स्वतःच्या डोक्याची अवस्था तो असा सांगत होता, जशी कुणा अनोळखी माणसाची साक्ष.

"औषधाने त्यांना बरं वाटेल, पण हे पुन्हा पुन्हा होईल," डॉक्टरीणबाई सांगत राहिल्या. "कधी तरी ते शुद्धीवर येणार नाहीत. त्यांना नवं लिव्हर लागेल."

दुभाष्याने तेही सांगितलं. 'मला' नाही म्हणाला. 'त्यांना' म्हणाला, जसं बोललं गेलं तसं. एक अक्षर गाळलं नाही.

कवळीवालीने विचारलं, "लिव्हर कोण देतं?"

त्याने बोलून विचारलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "कधी मरण पावलेल्या माणसाचं मिळतं. पण वाट फार बघावी लागते. कधी घरातलं जिवंत माणूस आपल्यातला तुकडा देतं. लिव्हर हा असा एकच अवयव आहे, की अर्ध्याहून जास्त कापून काढला तरी काही महिन्यांत पुन्हा भरून येतो. देणाऱ्याचाही, घेणाऱ्याचाही. धोका असतो, तो लपवणार नाही. पण भरून येतं."

त्याने सांगितलं. मात्र 'भरून येतं' सांगताना त्याचे हात मंदावले. कारण बायकोच्या डोळ्यांत काय येतंय ते त्याला दिसलं होतं.

तिने हात उचलले. "माझं चालेल का? विचार त्यांना."

दुभाष्या कोटाचं बटण चाचपायला लागला.

"विचार ना."

त्याने दोन्ही हात मांडीवर ठेवले. इतक्या वर्षांत एकाही माणसाचं एकही वाक्य त्याने कधी अडवलं नव्हतं. चोराचं नाही, खोटं बोलणाऱ्याचं नाही. आज त्याने बायकोचं अडवलं. डॉक्टरीणबाई एकदा त्याच्याकडे, एकदा तिच्याकडे बघत राहिल्या. "काय म्हणाल्या त्या?"

"काही नाही," दुभाष्या म्हणाला.

तिने त्याचे ओठ वाचले. शाळेत तिला आवाज काढायला शिकवलं होतं, पण पोरं हसायची, म्हणून तिने तो कधीच बासनात गुंडाळून ठेवला होता. मुलीनेही तो क्वचितच ऐकला होता. कवळीवाली उठली. स्वतःच्या उजव्या बरगड्यांखाली तिने हात ठेवला आणि गळ्यातून, छातीतून, सापडेल तिथून आवाज ओढून काढला.

"माझं!" ती म्हणाली. "माझं घ्या!"

शब्द जाडाभरडा होता. पण कळला. डॉक्टरीणबाई ताडकन उठून उभ्या राहिल्या, का ते त्यांनाही सांगता आलं नसतं. दुभाष्याने मान खाली घातली आणि तो रडायला लागला.

पुढे घरात रणकंदन झालं. मुलगी म्हणाली, "आई, मी तरुण आहे, मी देते." दुभाष्या म्हणाला, "दोघींनीही काही द्यायचं नाही." कवळीवालीने कुणालाच दाद दिली नाही. "आपल्या लोकांनी 'काळीज' हा शब्द केला तो उगाच नाही," ती म्हणाली. "काळीज म्हणजे मुळात हे लिव्हरच, बाकी सगळं मागून. लग्नात मी तुला ते दिलं म्हणतोस ना? मग घे. आता प्रत्यक्ष घे."

"ते मी प्रेमाने म्हणालो होतो गं!"

"मी कुठे भांडायला देत्येय?"

तपासण्या झाल्या. रक्तगट जुळला, बाकीचंही जुळलं. ठरल्या सकाळी नवराबायकोला शेजारशेजारच्या खाटांवरून नेलं. दोघांच्या हातांत सुया होत्या, त्यामुळे बोलता येईना. दुभाष्याने नुसती तर्जनी वाकवली. तिने आपली वाकवली. खाटा वेगवेगळ्या दारांनी आत गेल्या. मुलगी दिवसभर बाहेर बसली, आणि सर्जन बाहेर येऊन म्हणाले, "तुमच्या आईचा तुकडा जोडला, त्यात रक्त सोडलं, आणि आमच्या डोळ्यांदेखत तो करड्याचा लाल झाला. मी हे कित्येकदा बघितलंय. अजून सवय होत नाही."

बरं व्हायला दोघांनाही वेळ लागला. तिच्या पोटावर लांबलचक टाका, खोकलं तरी कळ. त्याला मध्येच ताप आला, औषधं बदलावी लागली, मुलीची तर पाचावर धारण बसली. पण पोटातलं सावरत गेलं. काही महिन्यांनी कवळीवालीची तपासणी झाली. लिव्हर जवळजवळ पूर्वीएवढं झालं होतं. ती आपल्या पोटावर हात ठेवून कितीतरी वेळ बसून राहिली. आपल्याला न विचारता, न सांगता, आतल्या आत कुणी एवढं काम उरकलं?

आणि दुभाष्या पुन्हा त्या बोगद्यात जाऊन पडला. या वेळी चित्र बघायला मुलगीही आली होती. डॉक्टरीणबाईंनी दुसरी एक दुभाषी बोलावून ठेवली होती. "आज तुम्ही पेशंट," त्यांनी त्याला बजावलं. "हात खाली."

पडदा उजळला. कपाळामागचा भाग, आणि त्याच क्षणी पार मागचा. पुन्हा एकदा. पुन्हा. बाजूचे दोन आले, थोडे सावकाश, पण आले. एक जोड मात्र अजून बारीक होती, डॉक्टरीणबाईंनी ती बोटाने दाखवली आणि प्रामाणिकपणे म्हणाल्या, "ही भरेल की नाही, मला माहीत नाही. काहींची भरते, काहींची नाही. आम्ही तेच तर शोधतोय." पण कवळीवालीचं तिकडे लक्षच नव्हतं. ती त्या दोन दूरच्या भागांकडे बघत होती. तिच्या पोटातला तुकडा त्याच्या पोटात बसून रक्त निवळत होता, आणि त्या निवळलेल्या रक्तावर तिकडे वर, अंधारात, दोन भागांना एकमेकांची चाहूल लागत होती. हे कुणी योजलं, कसं योजलं? तिने मुलीचा हात धरला. 

दुभाष्या कोर्टात पुन्हा उभा राहिला नाही. वकिलांचा वेग त्याला झेपेना, ती बारीक राहिलेली जोड तिथे आडवी यायची. आता तो इस्पितळात काम करतो. तिथे माणसं हळू बोलतात, पुन्हा पुन्हा विचारतात, आणि त्याला ते जमतं. पत्त्यांमध्ये तो तिच्याकडून दर डावाला हरतो. "तुझंच लिव्हर तुला फितूर आहे," असं कारण सांगतो.

एका सुट्टीच्या दुपारी ती स्वयंपाकघरातून हात पुसत बाहेर आली. भांडी घासायची पडली होती आणि तो खिडकीशी खुर्चीत बसला होता, हात मांडीवर, नजर कुठेच नाही. पूर्वी तिने त्याच्या खुर्चीला पाय लावून हलवलं असतं, 'काही करत नाहीयेस तर ऊठ' म्हणून. ती दारातच थांबली. उन्हाची तिरीप त्याच्या टक्कल पडायला लागलेल्या डोक्यावर आली होती. त्या कवटीच्या आत, या घटकेला, कपाळामागून मागे आणि मागून पुढे केवढी ये-जा चालली असेल, केवढ्या लांबून केवढी अचूक, आणि त्या बापड्याला त्याचा पत्ताही नाही.  पाऊल वाजू न देता ती आत वळली आणि भांडी स्वतःच घासायला बसली.